नवसाबाईचा बहिरू

सोमवार, ७ जानेवारी २००२
पंचवटी, नाशिक

आले एकदाची. सिन्नर सोडल्यावर एस.टी.च्या खिडकीच्या फटीतून अशी थंडी आत यायला लागली, की शेजारच्या बाईंनी न विचारता आपली अर्धी शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. आपल्या गावची माणसं, असं वाटून मी उगीचच हसत राहिले. सात वर्षांची असताना हे गाव सुटलं आणि आता एकतिसाव्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने परत येते आहे.

खोली छान आहे. खाली घरमालकीण वत्सलाकाकू एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी गुळाचा चहा दिला आणि पाणी सकाळी किती वाजता येतं, गच्चीवर कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे, सगळं सांगून टाकलं. वर येऊन खिडकी उघडली तर समोर तालीम. वाघाडी नाल्याकडच्या बोळातली तीच जुनी तालीम, दगडी जोतं, वर विटा, कौलं अर्धी गेलेली. पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे म्हणून नदीकाठच्या जुन्या इमारतींची डागडुजी चालली आहे. तालमीचं काम आमच्या कंत्राटदारांना मिळालं आणि त्यावर देखरेखीला मी. डिप्लोमा झाल्यापासून पुण्यात नुसत्या सोसायट्यांच्या गच्च्यांची गळती बंद करत आले. पहिलंच असं काम, आणि तेही हे!

आप्पा इथेच कुस्ती खेळायचे. मुलींना आत जायला बंदी. मग ते मला खांद्यावर बसवून त्या गजांच्या खिडकीपाशी उभे राहायचे. आतून तेल, ताक, हळद आणि घामाचा मिळून एक वास यायचा. आज खिडकीत उभी राहिले तर तो वास आला. आत वर्षानुवर्षं कोणी जोर मारलेला नाही, तरी आला.

बुधवार, ९ जानेवारी

आज आत गेले. तालमीच्या ट्रस्टचे अध्यक्ष कारभारी वस्ताद हजर होते. वय सत्तरीपुढे, पण पाठ ताठ, कान पैलवानासारखे चेपलेले. बाईमाणसाने हौद्यात उतरू नये, असं त्यांनी आमच्या ऑफिसला आधीच कळवलं होतं. कुस्तीचा हौदा म्हणजे जमिनीत केलेला चौकोनी उथळ खड्डा, त्यात लाल माती. मी काठावरून मापं घेईन म्हटलं. ते कोनाड्यातल्या मारुतीपुढे दिवा लावायला वळले तेव्हा चपला काढून उतरलेच. माती गार, मऊ. पावलं घोट्यापर्यंत रुतली. मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

वस्तादांनी वळून पाहिलं. रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी फक्त कोणाची तू, असं विचारलं. देवराम पैलवानाची मुलगी, म्हटलं. ते मागवलेला चहा न घेताच निघून गेले.

पायऱ्यांवर बसून डबा खाताना नवसाबाई आठवली. मखमलाबादची माळीण. शनिवारी ती या पायऱ्यांवर झेंडू-शेवंतीची पाटी घेऊन बसायची. फुलं विकणं नुसतं निमित्त. आतून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, माझा बहिरू कधी येणार? बहिरू तिचा मुलगा, तालमीतला सगळ्यांत तयार पोरगा. मलाही तो आठवतो. एकदा गजांमधून त्याने मला खोबऱ्याचा तुकडा दिला होता. तो मुंबईला पळून गेला, असं सगळे म्हणायचे. ती मला जवळ ओढून गालावरून हात फिरवायची आणि आप्पा घाईघाईने मला उचलून न्यायचे. त्याच हिवाळ्यात आम्ही नाशिक सोडलं.

शनिवार, १२ जानेवारी

काम सुरू झालं. भिका मिस्त्री आणि त्याची माणसं कौलं उतरवताहेत. भिंतीचा चुना हाताने ढपल्या निघतील इतका भुसभुशीत झालाय. ओल खालून येते आहे, म्हणजे हौद्याची माती काढून तळ बघावाच लागेल. वस्तादांचं म्हणणं, वरची वीतभर माती चाळा आणि परत टाका, खाली जाऊ नका.

संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून वर्ध्याला आप्पांना फोन केला. कुठलं काम मिळालं ते मुद्दाम शेवटी सांगितलं, त्यांना आनंद होईल म्हणून.

“भिंती पाड, छप्पर काढ,” ते म्हणाले. “हौद्याला हात लावू नको.”

का, विचारलं तर मारुतीची माती आहे म्हणाले आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. मला राग आला. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एकच वाक्य पाठ केल्यासारखं वाटलं. सोमवारी भिकाला तळापर्यंत खणायला सांगणार आहे.

गुरुवार, १७ जानेवारी

तळापर्यंत जाता आलं नाही. कमरेइतकं खणल्यावर वस्ताद आले, भिकाच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि ट्रस्टकडून काम काढून घेण्याची धमकी दिली. ऑफिसनेही मलाच झापलं. माती चाळून परत टाकली, तेल-ताक-हळद घालून सारखी केली. छान लालभडक दिसत होती.

आज सकाळी कुलूप उघडलं तर मातीवर कुस्तीच्या खुणा. टाचा रुतलेल्या, गुडघ्यांचे खळगे, लोळल्याचे पट्टे. मधोमध एक चेहरा उमटलेला. कपाळ, नाक, गालाची हाडं, इतकं स्वच्छ, जसा कुणी साचा काढावा. तोंड उघडं होतं.

बोळातली पोरं कौलं काढलेल्या छपरातून उतरली असणार. भिकाने माती सारखी करायला नकार दिला. मीच केली. वरून पत्रे ठोकून घेतले आणि नवं कुलूप आणलं. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

रविवार, २० जानेवारी

वत्सलाकाकू सकाळी वर आल्या. जरा अवघडल्या होत्या. व्यायाम चांगला असतो, पण पहाटे जमिनीवर इतकं धपधप नको, त्यांच्या देव्हाऱ्यातल्या मूर्ती हलतात, असं त्यांचं म्हणणं. मी व्यायाम करत नाही म्हटलं. त्या हसल्या. जोर-बैठका ऐकून ओळखू येतात हो, म्हणाल्या, आमच्या ह्यांनाही नाद होता.

अंग दुखतंय खरं. दंड, मांड्या. भूकही विलक्षण लागते. काल भाकरी खायला बसले आणि काकूंनी दोनदा ताटात वाढलं तरी पोट भरेना, वर लोटाभर दूध प्यायले. मला दुधाने मळमळतं.

खुणा रोज असतात. कुलूप जसंच्या तसं असतं. चेहराही असतो, आणि तो कोणाचा ते मला —

नाही, सात वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर काय भरवसा ठेवायचा.

गुरुवार, २४ जानेवारी

आज निवृत्ती पैलवान गेले. वस्तादांचे पुतणे, भाजी बाजारात अडत होती त्यांची. दुपारी काम बघायला आले. मोठमोठ्याने बोलत होते. बाप लवकर पळाला तुझा, नाहीतर नाव केलं असतं त्याने, असं काहीतरी मला म्हणाले. मग शर्ट काढून हौद्यात उतरले, माती कपाळाला लावली, मांडीवर थाप मारली. कामगार जेवायला गेले होते. मीही जेवायला निघाले.

परत आले तर ते पालथे पडलेले. पोलिसांनी उलटं केलं तेव्हा तोंडात माती ठासून भरलेली होती, पार घशापर्यंत. डॉक्टर म्हणाले हृदयविकाराचा झटका, पडल्यावर धडपडीत माती तोंडात गेली असणार.

वस्ताद मृतदेहाकडे न बघता हौद्याकडे बघत होते.

मी काय जेवले ते आठवत नाही. डबा खोलीवर भरलेलाच आहे.

सोमवार, २८ जानेवारी

भिका गेला. हिशेबालाही थांबला नाही, माणसांना घेऊन पेठकडे गावी निघून गेला. जाण्याआधी मला बाजूला घेऊन त्याने एवढंच सांगितलं, की खुणा दोघांच्या नाहीत. एकाच माणसाच्या आहेत, आणि ती पावलं लहान आहेत.

वस्तादांचा निरोप आला आहे, की हौदा सिमेंटने भरून टाका, वर फरशी करा, कुस्तीचं नावच नको. कागदावर त्यांची सही लागेल. उद्या सकाळी त्यांच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर जाईन.

सिमेंट टाकायचं, या विचारानेच माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. श्वास आत जात नाही.

मंगळवार, २९ जानेवारी

वस्ताद गेले.

सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. सुनेने चहा दिला आणि ती देवळात गेली. वस्ताद खुर्चीत बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ते मला नावाने हाक मारत होते. माझ्या नावाने नव्हे.

पुढचं आठवतं ते जिन्यावरून उतरतानाचं. ऊन कोवळं होतं. खाली कुणीतरी द्राक्षांचे खोके उतरवत होतं. मला फार हलकं वाटत होतं.

दुपारी ऑफिसात कळलं. सुनेला ते पलंगाशेजारी पालथे सापडले. तोंडात लाल माती. तिसऱ्या मजल्यावर ती कुठून आली, ते कुणाला कळेना.

माझ्या पर्सच्या तळाशी लाल माती आहे. नखांत आहे.

तालमीत जाऊन हौद्यातल्या खुणेवर माझं पाऊल ठेवलं. बरोबर बसलं.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

ऑफिसला जात नाही. आज मखमलाबादला गेले. नवसाबाई जिवंत असेल असं वाटलं नव्हतं. शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होती. वाळून काटकी झालीय, पण नजर साफ. मी नाव सांगायच्या आधीच तिने खुरपं ठेवलं आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन तळवे उलटेपालटे करून बघितले. तळव्यांना घट्टे पडले आहेत.

मी तिला सगळं सांगितलं. दोघं मेले, ते माझ्या हातून मेले असावेत, मला आठवत नाही, मला भीती वाटते. ती ऐकत होती आणि माझे हात सोडत नव्हती. बहिरूचं काय झालं ते तिला ठाऊक आहे का, असं विचारलं.

“मला कोनी सांगितलं नाय,” ती म्हणाली. “पन तेंच्या डोळ्यांत दिसायचं. तिघांच्या. तुझा बाप तर मान वर करत नव्हता.”

मी तिच्या पाया पडले. आप्पांना सोडायला सांग त्याला, म्हटलं. तुझं तरी तो ऐकेल.

“का सांगू? माझं पोरगं खाली दाबलं, तव्हा कोनी सोडा म्हनलं का?”

मग तिने मला घरात नेलं, चुलीपुढे बसवलं, गरम भाकरी आणि ठेचा वाढला. मी खात होते आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. आईच्या हातासारखा. मला उठवेना. निघताना तिने सांगितलं, की तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून तिने मारुतीकडे एकच मागणं मागितलं होतं.

“तेंचं वाटोळं कर, असं नाय मागितलं मी. म्हनलं, माझं पोरगं मला तेंच्याच घरातनं परत दे.”

आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

रविवार, ३ फेब्रुवारी

आप्पा आले आहेत. वस्ताद आणि निवृत्ती गेल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं. मला न्यायला आलोय म्हणतात. खांदे पडलेत त्यांचे. मला बघून दारातच थांबले, आत यायला तयार नव्हते.

मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. एवढी वर्षं सांगायला कुणी विचारण्याचीच वाट बघत असल्यासारखं.

जत्रेतल्या कुस्तीत बहिरूने निवृत्तीला चारचौघांत चितपट केलं. फुलं विकणारीच्या पोराने वस्तादाच्या पुतण्याला. लोकांनी बहिरूला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तादांनी त्याला तालमीत बोलावलं आणि दार लावलं. माती चाखवायची, माफी मागेपर्यंत, एवढंच ठरलं होतं. निवृत्तीने मान दाबली, वस्तादांनी पाठीत गुडघा दिला, आप्पांनी पाय धरले.

“त्यानं माफी मागितली नाही,” आप्पा म्हणाले. “हलायचा थांबला, तेव्हा आम्हाला वाटलं हरला.”

तिथेच खाली पुरला. दुसऱ्या दिवशी त्याच मातीत तिघांनी जोर मारले, कुणाला शंका येऊ नये म्हणून. आणि शनिवारी नवसाबाई पाटी घेऊन पायरीवर येऊन बसली.

मी विचारलं, तुम्ही पाय सोडले असते तर?

त्यांनी आपले तळवे उघडून पाहिले. मग म्हणाले, “तर तो उठला असता. त्याच्यात लय ताकद होती.”

पोलिसांकडे जाऊ म्हटलं. ते म्हणाले, आता माझं काय राहिलंय, पण तुझ्या नोकरीचं बघ, लोक काय म्हणतील बघ. तिच्या पोराचं काय, विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. रडत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मागून, केस संपतात तिथे —

मी त्यांना हात जोडून सांगितलं, वर्ध्याला परत जा, आत्ताच्या आत्ता. माझ्याजवळ थांबू नका. ते म्हणाले, उद्या जाऊ, दोघं मिळून.

सोमवार, ४ फेब्रुवारी

जाग आली ती तालमीत. उजाडलं होतं. मी हौद्यात गुडघ्यांवर, हातांनी खणत होते. खड्डा माझ्या खांद्याइतका खोल. एवढं कुणी खणलं? मी?

हाताला हाड लागलं. मनगटाचं असावं. मी घाबरले नाही. मी ते ओळखलं. माझं —

माती परत लोटली. खोलीवर आले. आप्पा जागे होते. माझ्या हातांकडे बघून त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांना म्हटलं जा. जा म्हणून ओरडायचं होतं. तोंडातून शब्द निघाला तो दुसराच. थांब, असा.

ते थांबले.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

हे लिहायला हवं. हात नीट चालत नाही, बोटं जाड झाल्यासारखी. तरी लिहायला हवं, मी आहे तोवर.

दुपारी आप्पांनी तालमीची किल्ली मागितली. मातीची माफी मागतो म्हणाले. मी दिली. द्यायला नको होती. मागोमाग गेले, त्यांना परत आणायला. खरंच परत आणायला.

ते हौद्यात गुडघे टेकून होते. कपाळ मातीवर. बहिरू, चुकलं माझं, असं म्हणत होते. पुन्हा पुन्हा. मी त्यांना उठवायला मानेवर हात ठेवला.

हाताने उठवलं नाही.

ऊन पत्र्यांच्या फटीतून येत होतं. बाहेर बोळात भाजीवाली ओरडत होती. मेथी म्हणत होती. आप्पांचे पाय हलत होते. ते पाय मोकळे होते. कुणी धरले नव्हते. तरी ते उठले नाहीत.

मला हात उचलता आला असता. एका क्षणी माझा होता तो हात, पुरता माझा, मला कळलं ते. आप्पा म्हणावंसं वाटलं. मग नवसाबाई आठवली, पायरीवरची, आणि तिच्यासमोरून मला उचलून नेणारे आप्पा. खाली मान घालून.

नाही उचलला.

आता मी खोलीवर आहे. अंगभर लाल माती. भूक लागली आहे. काकू दारावर थापा मारताहेत, पोलिसांना बोलावते म्हणताहेत. दार उघडणार नाही. आशा, आशा, म्हणताहेत. कोणाला हाक मारताहेत ते कळायला मला वेळ लागतो —

आरशात बघत नाही. खांदे —

खाली बोळात कुणी आलं आहे. काठी टेकत. डोक्यावर पाटी. खिडकीखाली उभी राहिली. वर बघते आहे. हसते आहे. चल, म्हणते. घरी चल, बहिरू.

जायचं नाही. मी आशा. आशा देवराम —

पुन्हा हाक मारली. मी ओठ घट्ट मिटले होते. तरी ओ गेली. खिडकीतून, खाली, मोठ्याने. आणि तो आवाज —